शुक्रवार धरून आखलेली ओमानची सहल

ओमानला जायचं असेल तर आधी कॅलेंडर उघडा, नकाशा नंतर. हा सल्ला मस्कतमध्ये बरीच वर्षं नोकरी करणाऱ्या माझ्या मावसभावाचा, आणि आमची सगळी आखणी त्यावरच उभी राहिली. मी त्याला फोन केला तेव्हा माझ्या हातात बघायच्या ठिकाणांची यादी तयार होती. मशीद, किल्ले, वाळवंट, कासवं, सगळं. तो म्हणाला, "ताई, यादी राहू दे. महिना कुठला ते सांग, आणि त्या आठवड्यात शुक्रवारी तुम्ही कुठे असणार ते सांग."

महिन्याचं आपल्यालाही कळतं. उन्हाळ्यात मस्कतचा पारा ४५ च्या आसपास जातो, वर समुद्राचा दमटपणा. ऑक्टोबर अखेरपासून मार्चपर्यंत मात्र हवा छान असते. त्यामुळे आम्ही दिवाळीची सुट्टी धरली. पण या थंडीच्या महिन्यांना एक कात्री लागते, तिच्याकडे इथून तिकिटं काढणाऱ्यांचं सहसा लक्ष नसतं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२६ चा फेब्रुवारीच्या मध्यानंतर, २०२७ चा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, २०२८ चा जानेवारी अखेरीस. २०३० मध्ये तर तो वर्षाच्या सुरुवातीला एकदा आणि डिसेंबरच्या शेवटी पुन्हा येणार. म्हणजे फिरायला सगळ्यात चांगले महिने आणि रमजान ही पुढची काही वर्षं एकमेकांच्या अंगावर येणार आहेत.

रमजानात जाऊच नये असं नाही. संध्याकाळी उपवास सुटल्यावर बाजार रात्री उशिरापर्यंत गजबजलेला असतो, हॉटेलांत इफ्तारचं जेवण भरगच्च असतं. पण दिवसा चारचौघांत खाणंपिणं कायद्याने बंद, त्यात पाण्याचा घोटही आला. बहुतेक खानावळी सूर्यास्तापर्यंत बंद. सोबत औषधाच्या वेळा पाळणारं वडीलधारं माणूस किंवा लहान मूल असेल तर त्या महिन्यात हाल होतात. आमच्याबरोबर सासूबाई होत्या, वय सत्तरीपुढचं, पूर्ण शाकाहारी, गोळ्यांचा डबा सोबत. तेव्हा रमजान टाळणं हा आमच्यासाठी वादाचा मुद्दाच नव्हता.

जुलै-ऑगस्टमध्ये स्वस्त पॅकेज मिळतंय म्हणून कुणी सलालाला निघालं असेल तर त्यांच्यासाठी जाता जाता एक वाक्य. दक्षिण ओमानात साधारण २१ जून ते २१ सप्टेंबर खरीफचा मोसम असतो. डोंगर हिरवे होतात, धुकं उतरतं, बुरबुर पाऊस पडतो आणि सगळ्या आखातातून लोक तो पाऊस बघायला गाड्या भरभरून येतात. रत्नागिरीच्या माणसाने त्या महिन्यात विमानाचे पैसे देऊन पाऊस बघायला का जावं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

आता शुक्रवार. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवार. शुक्रवारी सकाळी बहुतेक दुकानं बंद, दुपारच्या नमाजानंतर हळूहळू उघडणार. मस्कतची मोठी मशीद बाहेरच्या लोकांना शुक्रवार सोडून रोज सकाळी ८ ते ११ एवढ्याच वेळात बघता येते. उलट निजवा गावातला गुरांचा बाजार भरतो तोच मुळी शुक्रवारी पहाटे. म्हणजे शुक्रवारी सकाळी निजव्यात असायला हवं, गुरुवारची रात्र तिथेच काढायला हवी, त्याच्या आदली रात्र वाळवंटात, त्याच्या आधी समुद्रकाठचा रस्ता, आणि मस्कतची मशीद अगदी सुरुवातीला. शुक्रवारपासून उलटं मोजत गेलो आणि कार्यक्रम आपोआप बसला. याच्या उलट क्रमाने गेलेलं एक ओळखीचं कुटुंब शुक्रवारी सकाळी मस्कतच्या बंद बाजारात फिरून परत आलं होतं.

व्हिसा रॉयल ओमान पोलिसांच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन निघतो. अमेरिका, ब्रिटन, शेंगेन यांपैकी एखादा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर भारतीयांचं काम सोपं होतं. आमच्याकडे तसं काही नव्हतं, म्हणून एजंटाकडून काढला. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक आहे ना, एवढं प्रत्येकाचं बघून घ्या.

खरी खडाजंगी झाली ती बॅग भरताना. दिवाळी असल्यामुळे सासूबाईंनी माझ्या मस्कतच्या मावसभावासाठी फराळाचे डबे भरले होते. चकल्या, शंकरपाळ्या, बेसनाचे लाडू आणि अनारसे. अनारशाचा डबा मी बाजूला काढला तशी त्यांची भुवई वर गेली. अनारशाला एका बाजूने खसखस असते, आणि खसखस म्हणजे अफूचं बी. आखातातल्या अनेक देशांत ती अमली पदार्थांच्या कायद्यात धरतात. अमिरातीत तर नुसतं विमान बदलायला उतरलेल्या माणसाच्या बॅगेतसुद्धा ती चालत नाही. आमचं विमान थेट मस्कतचं होतं, तरी मी धोका घेणार नव्हते. "खरवडून काढू का वरची?" त्यांनी विचारलं. मग एक अनारसा हातात घेऊन नखाने दाणे काढायचा प्रयत्नही केला. तळताना रुतून बसलेले ते दाणे, निघतात कसले. शेवटी डबा शेजारी गेला. मालवणी मसाल्याची पुडीही मी ठेवू दिली नाही, त्यातही खसखस असते. तयार मसाला नेणार असाल तर पुडीवरचे घटक वाचा आणि घरचा असेल तर घरीच ठेवा.

औषधांचंही तसंच. खोकल्याच्या कोडिनवाल्या बाटल्या, ट्रामाडॉलसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या इथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात, तिथे त्या कडक नियमात येतात. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आम्ही त्यांच्या मूळ पाकिटातच ठेवल्या. आठवड्याच्या वारांच्या प्लास्टिकच्या डबीत काढल्या नाहीत. डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप केलेली चिठ्ठी घेतली, औषधाच्या शास्त्रीय नावासकट. कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर माझ्याकडे कागद होता.

कपड्यांबद्दल मुलीचा प्रश्न होता की बुरखा लागेल का. नाही लागत. खांदे आणि गुडघे झाकलेले असले की बाजारात, रस्त्यावर, हॉटेलात कुणी काही म्हणत नाही. आपला साधा पंजाबी ड्रेस तिथे फार सोयीचा. पुरुषांनीही अर्ध्या चड्डीत गावातून हिंडू नये, हे मी मुद्दाम लिहिते, कारण सगळे सल्ले बायकांनाच दिले जातात. प्लगची गंमत वेगळी. तिथे ब्रिटिश पद्धतीचे तीन चौकोनी पिनांचे सॉकेट असतात, आपला प्लग बसत नाही. ॲडाप्टर इथूनच घेऊन जा.

मुंबईहून विमान तीन तासांच्या आत मस्कतला टेकतं आणि घड्याळ दीड तास मागे करावं लागतं. विमानतळावरच सिमकार्ड घेतलं. व्हॉट्सॲपवर मेसेज जात होते पण कॉल लागत नव्हते, त्यामुळे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते काळजी करत बसतात. पैशांचा हिशोब सुरुवातीला डोकं खातो. एका रियालचे १००० बैसा, म्हणून बिलात दशांशानंतर तीन आकडे. रियाल डॉलरला बांधलेला आहे, एका रियालला साधारण २.६० डॉलर, आम्ही गेलो तेव्हा आपल्या रुपयांत सव्वादोनशेच्या आसपास. चहाचं बिल ०.२०० आलं की स्वस्त वाटतं, मग गुणाकार केला की वाटत नाही. सासूबाईंना माझ्या मावसभावाने सांगितलं की १९५९ पासून आखातासाठी आपल्या रिझर्व्ह बँकेने वेगळ्या नोटा छापल्या होत्या आणि मस्कतमध्ये तो रुपया १९७० पर्यंत चालला. त्यावर त्या म्हणाल्या, "मग बंद कशाला केला?"

मस्कतच्या त्या मोठ्या, म्हणजे सुलतान काबूस मशिदीत आम्ही सकाळी आठच्या ठोक्याला पोचलो, कारण नऊनंतर टूरच्या बसगाड्या येतात. पायऱ्यांपाशी एक ओमानी बाई प्रत्येक बाईकडे नजर टाकून आत सोडत होती. मनगटापर्यंत बाह्या, घोट्यापर्यंत पाय आणि सगळे केस झाकलेले हवेत. माझी पूर्ण बाह्यांची कुर्ती आणि डोक्यावरून घेतलेली ओढणी चालली. मुलीच्या बाह्या कोपरापर्यंतच होत्या, तिला बाजूच्या दुकानातून अबाया, म्हणजे कपड्यांवरून घालायचा पायघोळ झगा, भाड्याने घ्यायला लावला. सासूबाईंनी नऊवारीचा पदर डोक्यावर घेतला होता, पण मागून पोटऱ्या दिसत होत्या. त्या बाईने क्षणभर विचार केला, मग स्वतःच त्यांच्या खांद्यावर एक लांब अबाया चढवला, पदर कपाळापर्यंत ओढला आणि मागच्या केसांची बट आत खोचून दिली. इतक्या हलक्या हाताने, की सासूबाई आत जाईपर्यंत तिच्याचबद्दल बोलत होत्या. ओढणी सुती न्या. रेशमी घसरते आणि दर पाच मिनिटांनी सारखी करावी लागते. एक-दोन पिना जवळ असू द्या.

मशीद २००१ मध्ये खुली झाली. बांधायला सुमारे ३ लाख टन वालुकाश्म भारतातून नेला होता. आतला गालिचा ७० मीटर लांब, ६० मीटर रुंद, वजन २१ टन, इराणच्या विणकर बायकांनी हाताने विणलेला. त्याला चार वर्षं लागली. पर्यटकांनी निळ्या पट्टीवरूनच चालायचं असतं. झुंबर १४ मीटर उंच. फोटो काढता येतात, पण मिठ्या मारून किंवा उड्या मारून पोझ देणाऱ्या एका जोडप्याला रखवालदाराने लगेच हटकलं, आणि बरोबरच केलं.

बाहेर पडताना माहिती केंद्रात बोलावून कहवा आणि खजूर देतात. कहवा म्हणजे वेलदोड्याची, बिनसाखरेची कॉफी, इवल्याशा वाटीतून. वाटी उजव्या हातानेच घ्यायची. रिकामी झाली की ती पुन्हा भरतात, आणि तुम्ही नुसतं "पुरे" म्हटलंत तरी भरतात. वाटी बोटांत धरून दोन-तीनदा हलवायची, मग थांबतात. हे माहीत नसल्याने सासूबाईंच्या पोटात बऱ्याच वाट्या गेल्या. शेवटी शेजारच्या मुलीने त्यांचं मनगट धरून हलवून दाखवलं.

गाडी आम्ही भाड्याने घेतली. नवऱ्याने निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला होता. फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि आपलं मूळ लायसन्स लागतं. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग डावीकडे. सरळ रस्त्यावर सवय पटकन होते, त्रास होतो तो गोल चौकांत. आतल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं आणि आपल्या डावीकडून येणाऱ्यावर नजर ठेवायची. महामार्गावर मर्यादा बहुतेक ठिकाणी १२० आणि ठिकठिकाणी रडारचे कॅमेरे. आमच्या गाडीतही १२० ओलांडलं की टिंगटिंग सुरू व्हायची, आणि सासूबाई लगेच मागून "हळू" म्हणायच्या. अंधार पडल्यावर शहराबाहेर गाडी चालवू नका. रस्त्यात उंट येतात. उंटाचे पाय लांब, त्यामुळे धडक बसली की धड थेट काचेवर येतं. आणि कुणी आडवा आला तरी हातवारे किंवा शिव्या नकोत. तिथे अपमानास्पद खुणेची पोलिसांत तक्रार होऊ शकते. पोलीस, रुग्णवाहिका सगळ्याला एकच नंबर, ९९९९.

मस्कतहून सूर या गावाकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता सुंदर आहे. एका बाजूला उघडेबोडके डोंगर, दुसरीकडे निळं पाणी. वाटेत तिवीजवळ वादी शाब. वादी म्हणजे डोंगरातली नदीची घळ, बहुतेक काळ पाण्याचे तुकडे तुकडे असलेली. इथे सुरुवातीलाच एका रियालमध्ये होडीने पलीकडे सोडतात आणि परत आणतात. मग पाऊण तास खडकांवरून चाल, मग डोह, आणि शेवटच्या गुहेत पोहतच जावं लागतं. सकाळी लवकर जा. दहानंतर दगड तापतात आणि सावली संपते. पोहताना बायकांनी टी-शर्ट आणि लेगिंग्ज घालाव्यात, पाटीच लावलेली असते. पायात पाण्यात चालणारे, पकड असलेले बूट हवेत, चपला वाहून जातात. ही जागा वयस्कर माणसांसाठी अजिबात नाही. सासूबाई आणि मी वादी बनी खालिदला जास्त रमलो. तिथे पाण्याच्या पाटाच्या कडेने सपाट वाट आहे, डोहाकाठी बसायला सावली आणि चहा.

वादीबद्दल एक गोष्ट हलक्यात घेऊ नका. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर डोंगरात पाऊस पडलेला असतो. पाणी मिनिटांत येतं. कोरडा डोंगर पाणी पीत नाही, सगळं खाली सोडून देतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये अशाच पुरात शाळेची मुलं असलेली गाडी वाहून गेली होती. जिथे रस्ता वादीच्या पात्रातून जातो तिथे खोली दाखवणारे लाल-पांढरे खांब असतात. पाणी वाहत असेल तर थांबायचं, कितीही वेळ लागो. मुद्दाम गाडी घालणाऱ्याला तिथे कायद्याने शिक्षा आहे. डोंगरावर ढग दिसले तर वादीचा बेत त्या दिवसापुरता रद्द.

वाळवंटासाठी आम्ही शर्कियाची वाळू निवडली. जुने लोक तिला वहिबा म्हणतात. सुमारे साडेबारा हजार चौरस किलोमीटरचा पसारा. भाड्याची साधी गाडी वाळूत न्यायचा विचारही करू नका. बिदिया गावात ती ठेवायची आणि तंबूवाल्यांची जीप बोलवायची. आमचा ड्रायव्हर बिदियाचाच, हिंदी सिनेमे बघून शिकलेलं झकास हिंदी बोलणारा. डांबर संपतं तिथे त्याने जीप थांबवली, खाली उतरला, खिशातून एक छोटी चावी काढून पहिल्या चाकाच्या नळीवर टेकवली. फुस्स करून हवा निघू लागली. सासूबाई घाबरल्या, "पंक्चर झालं का?" "नहीं अम्मा, जूता उतार रहा हूँ," तो म्हणाला. ३५ ची हवा त्याने १५ वर आणली, चारही चाकांची, प्रत्येक वेळी मापकावर काटा बघून. हवा कमी झाली की चाक खाली पसरतं आणि वाळूत रुतत नाही. परतताना गावात पुन्हा हवा भरायची. हे सगळं तो इतक्या संथपणे करत होता की मुलगी कंटाळली. पण पुढे एका चढावर एक पर्यटक जोडपं स्वतःच्या गाडीच्या चाकांभोवती हाताने वाळू उपसत होतं. आमच्या ड्रायव्हरने जीप थांबवली, त्यांच्या चाकांची हवा कमी केली, दोर लावला आणि गाडी बाहेर ओढली. पैसे घेतले नाहीत.

तंबू निवडताना वाळवंटाच्या कडेजवळचा निवडा, विशेषतः सोबत वयस्कर असतील तर. आत खोलवरचा तंबू फोटोत भारी दिसतो, पण रात्री कुणाला बरं वाटेनासं झालं तर गाव दूर पडतं. मोज्यांचे दोन जोड, शाल, टॉर्च आणि कॅमेऱ्यासाठी झिपची पिशवी. बारीक वाळू लेन्सच्या कडेत जाऊन बसते. सूर्यास्ताला टेकडीवर चढताना सरळ वर जाऊ नका, कडेकडेने चढा, दम कमी लागतो. एकटं लांब जाऊ नये, मागे वळून बघितलं की सगळ्या टेकड्या सारख्याच दिसतात. सकाळी बूट झटकून घाला, विंचू असतात. उंटावर बसणं मला तरी पैसे घालवणं वाटलं. मुलीला आवडलं.

तिथून निजवा. आधी मुक्काम, मग शुक्रवारी सहाच्या सुमारास बाजार. किल्ल्याच्या खाली एक गोल ओटा आहे. मध्ये आणि कडेला गिऱ्हाइकं बसतात, आणि विकणारे बकऱ्यांना दोरीने ओढत मधल्या वाटेने गोल गोल फिरतात, किंमत ओरडत. कुणाला आवडली तर तो हात करतो, बकरी थांबते, दात बघितले जातात, कास चाचपली जाते, सौदा झाला नाही तर पुन्हा फेरी. कमरेला खंजर लावलेले म्हातारे, हातात काठी, तोंडावर बदुइन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या लोकांचा, मुखवटा घातलेल्या बायका. त्या बायकाही सौद्यात पुढे. मला वाटलं होतं सासूबाईंना हे बघवणार नाही. त्या कठड्यापाशी उभ्या राहून शेवटपर्यंत बघत होत्या आणि कुठली बकरी दुभती आहे ते मुलीला सांगत होत्या. त्यांचं लहानपण सांगोल्याकडचं, बाजार त्यांना नवा नव्हता. फोटो काढण्यापूर्वी प्रत्येकाला विचारा. म्हातारे खुशीत उभे राहतात, बायका बहुधा नको म्हणतात, आणि नको म्हणजे नको. सरकारी इमारती, लष्करी जागा, पोलीस चौक्या यांचेही फोटो नकोत. ड्रोन परवानगीशिवाय नेऊच नका.

नऊपर्यंत बाजार आवरतो. किल्ल्याचा भलामोठा गोल बुरूज सतराव्या शतकातला. तो बघून जबल अख्दरच्या डोंगरावर जायचं असेल तर बिरकत अल मौज गावाच्या वरच्या चौकीवर पोलीस गाडी बघतात. फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेली गाडी, नसेल तर परत पाठवतात. आमची साधी गाडी, म्हणून खालून ड्रायव्हरसकट जीप घेतली. वर २००० मीटरवर हवा एकदम बदलते. गुलाबाची शेती बघायची असेल तर एप्रिलच्या आसपास यावं लागतं, नोव्हेंबरात नुसती झुडपं.

जेवणाचं शेवटी लिहिते, कारण तीच काळजी सगळ्यात फुकट गेली. मस्कतच्या रुवी भागात शाकाहारी गुजराती, दक्षिणी जेवण सहज मिळतं. आतल्या गावांत मल्याळी लोकांची छोटी हॉटेलं आहेत, तिथे पराठा, डाळ, अंडं आणि करक चहा. ओमानी हलवा केशर-गुलाबपाण्याचा, चिकट, आपल्या माहीमच्या हलव्याशी काही संबंध नाही. भात मागवताना मात्र स्पष्ट विचारा, साध्या दिसणाऱ्या भातातही मटणाचं पाणी असू शकतं. दारू फक्त परवाना असलेल्या हॉटेलांत मिळते, आणि ती पिऊन रस्त्यावर येऊ नये.

मस्कतच्या जुन्या भागात, राजवाड्याजवळ, मोतीश्वराचं महादेव मंदिर आहे. कच्छ-गुजरातच्या व्यापाऱ्यांची तिथे पिढ्यान्‌पिढ्या वस्ती. त्यांतले कनकसी खिमजी तर ओमानमध्ये शेख ही पदवी मिळालेले हिंदू. खाडीवरचे जलाली आणि मिरानी हे पोर्तुगीजांचे किल्ले. मस्कत १५०७ मध्ये पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने घेतलं, गोवा घेण्याच्या तीन वर्षं आधी, आणि १६५० मध्ये ओमानींनी पोर्तुगीजांना तिथून हाकललं.

मस्कतच्याच मत्राह भागातल्या बाजारात संध्याकाळीच जा. दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात. घासाघीस चालते, पण हसत. लोबान घ्यायचा असेल तर दक्षिणेकडच्या धोफार भागातला होजरी जातीचा मागा. रंग जितका फिका आणि हिरवट झाक असलेला तितका चांगला, तपकिरी आणि धुळकट खडे स्वस्तातले. दुकानदाराला एक खडा जाळून दाखवायला सांगा, ते दाखवतात. बंद पाकिटं घेऊ नका, वरून वजन करून घ्या.

खर्चात पेट्रोल स्वस्त पडलं, लिटरला २४० बैशांच्या आत. वाद्या बघायला तिकीट नव्हतं. महाग पडल्या त्या जीप, वाळवंटातली आणि जबल अख्दरची. बजेट आखताना त्या दोन रकमा आधी बाजूला काढा आणि कपात दुसरीकडे करा. हॉटेल एक पायरी खालचं चालतं. निजव्याचा गुरुवारचा मुक्काम मात्र शक्य तितका आधी आरक्षित करा, शुक्रवारच्या बाजारासाठी सगळेच त्या रात्री तिथे असतात.